मेण जातें, अंगठी राहते

'गॉथिक' म्हटलें कीं मुंबईकरांच्या डोळ्यांपुढें बोरीबंदरचें रेल्वे स्थानक उभें राहतें: टोकदार कमानी, उंच मनोरे, दगडांत कोरलेले पशुपक्षी. मध्ययुगीन युरोपांतील ही शैली दागिन्यांतहि उतरली आहे. १९८० च्या सुमारास इंग्लंडांतील 'गॉथ' म्हणविणाऱ्या संगीतप्रेमी तरुणांनीं क्रूस, वटवाघूळ आणि मानवी कवटी असलेले चांदीचे काळसर दागिने आपलेसे केले.

कवटीची अंगठी! ऐकूनच आपल्याकडील वडील मंडळी 'शिव शिव' म्हणतील. परंतु ज्या शिवाचें नांव ती घेतील, त्याच्याच गळ्यांत रुंडमाळा आहे. युरोपांतहि या चिन्हाचा हेतु केवळ भिवविण्याचा नव्हता. स्नेह्यांनीं आठवण ठेवावी म्हणून मृत्युपत्रांत अंगठ्यांसाठीं रक्कम ठेवण्याची तेथें रीत होती. शेक्सपिअरनें १६१६ च्या मृत्युपत्रांत तिघां सहकारी नटांना याकरितां प्रत्येकीं २६ शिलिंग ८ पेन्स ठेविले. सतराव्या शतकांतील अशा पुष्कळ अंगठ्यांवर काळ्या मिन्यासह कवटी आढळते. गेलेल्याचें स्मरण आणि स्वतःच्या मर्त्यत्वाचें भान, असा तिचा दुहेरी अर्थ.

अशी अंगठी मुद्दाम करवून घ्यावयाची तर कारागीर प्रथम चांदीला हात लावीत नाहीं. तो कठीण मेण घेतो. बोटाच्या मापानें कडें कापून त्यांत तो डोळ्यांच्या खोबणी, दांतांची रांग, कपाळावरील भेग कोरतो. गिऱ्हाइकानें काय तें याच वेळीं सुचवावें. कारण मेणावर राहिलेला ओरखडा चांदींतहि उतरतो. मग मेणाचें वजन करून त्याच्या सुमारें दहापट चांदी घेतात.

नमुन्याला मेणाची काडी जोडून तो पोलादी नळकांड्यांत उभा करतात आणि भोंवतीं जिप्सम व सिलिका यांचें पातळ मिश्रण ओततात. त्यांतील हवा यंत्रानें काढून घ्यावी लागते. मेणाला बुडबुडा चिकटला, तर तेथें चांदीचा मणि उठतो. मिश्रण घट्ट झाल्यावर नळकांडें भट्टींत हळूहळू ७०० अंश सेल्सियसच्या वर तापवितात. मेण वितळून, जळून जातें. मागें राहते अंगठीच्या आकाराची पोकळी. तींत वितळलेली चांदी चक्रगतीनें किंवा निर्वाताच्या ओढीनें शिरते. चक्रगतीची युक्ति दागिन्यांच्या धंद्यांत आली ती दंतवैद्यकांतून. टॅगार्ट या अमेरिकन दंतवैद्यानें १९०७ मध्यें मेणाच्या नमुन्यावरून दांतांत भरावयाचें सोनें ओतण्याची रीत जाहीर केली होती.

मूळ विद्या मात्र फार जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लासां'त मेणाची मूर्ति मातीनें लिंपून धातु ओतण्याचा विधि सविस्तर आहे.

शेवटीं सांचा पाण्यांत विरघळतो, काडी कापली जाते, आणि गंधकाच्या द्रावणानें अंगठी काळी करतात. उंचवटे घासून उजळले कीं खोबणींत अंधार तेवढा उरतो.

आतां रबरी सांच्यांतून एका नमुन्याच्या शेंकडों प्रती निघतात. संगणकावर रेखाटलेलें मेण यंत्रहि घडवितें. परंतु हातानें कोरलेलें मेण सरळ भट्टींत गेलें, तर संधि एकच असते. चांदी कोठें अडली, तर सारें पुन्हां कोरावें लागतें. आयुष्य एकदांच मिळतें, याची आठवण देणारी वस्तु स्वतःहि एकदांच जन्मावी, हें मला उचित वाटतें.