बारकोड कुठे चुकला?

2017 च्या उन्हाळी परीक्षांचे निकाल मुंबई विद्यापीठात रखडले, ते सगळ्यांना आठवत असेल. त्या हंगामात उत्तरपत्रिका कागदावर न तपासता स्कॅन करून पडद्यावर तपासायचे ठरले होते. कायद्याने 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत लावायचे निकाल सप्टेंबर उजाडला तरी पूर्ण लागले नव्हते. कुलपतींनी दिलेली 31 जुलैची मुदत टळली, विधी शाखेचे विद्यार्थी उच्च न्यायालयात गेले आणि 24 ऑक्टोबरला कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. दोष कोणाचा, हे त्या दिवशी ठरले. बिघाड नेमका कुठे आणि कसा झाला, हा प्रश्न मात्र चर्चेतून गेला तो गेलाच. उच्च शिक्षणात नवे तंत्रज्ञान रुजवायचे असेल तर याच प्रश्नापासून सुरुवात करावी लागेल, असे माझे म्हणणे आहे.

अभियंत्यांकडे यासाठी जुनी पद्धत आहे. तिची सुरुवात 1949 च्या सुमारास अमेरिकी सैन्यदलात झाली. कामाची प्रत्येक पायरी मांडायची, ती कशी बिघडू शकेल हे लिहायचे आणि मग बिघाडाचे गांभीर्य, त्याची शक्यता आणि तो वेळीच लक्षात न येण्याचा धोका यांना एक ते दहा गुण द्यायचे. तिन्हींचा गुणाकार जिथे मोठा, तिथे आधी हात घालायचा. यातला तिसरा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. कागदावर तपासताना पुरवणीसह बांधलेली उत्तरपत्रिका परीक्षकाच्या हातात असते. पुरवणी सुटलेली असेल तर दोरा तरी दिसतो. पडद्यावर फक्त स्कॅन झालेले तेवढेच दिसते. न आलेले पान दिसत नाही आणि चुकीचा बारकोड बिनबोभाट दुसऱ्याच्या नावावर गुण जमा करतो. चूक कळते ती निकालानंतर, विद्यार्थी तक्रार घेऊन आल्यावर. म्हणजे स्कॅनिंगच्या टेबलावरच पाने मोजण्याची आणि बारकोड पडताळण्याची पायरी हवी होती. दुसरा हिशेब तर शाळकरी आहे. उत्तरपत्रिका सुमारे 17 लाख. काम तीन महिन्यांवर पसरले असे धरले तरी रोज जवळपास 19 हजार, रविवार न वगळता. त्यात या पडद्यावरच्या तपासणीसाठीची कंपनी परीक्षा सुरू झाल्यावर नेमली गेली. प्राध्यापकांचे प्रशिक्षण कधी होणार होते?

‘हे सगळे पश्चातबुद्धीचे शहाणपण’, असा आक्षेप येईल. परंतु विद्यार्थिसंख्या आणि परीक्षांचे वेळापत्रक ही माहिती निविदेच्या आधीच विद्यापीठाच्या दप्तरात होती. रोजच्या उत्तरपत्रिकांचा तो हिशेब करायला भविष्य दिसण्याची गरज नव्हती. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: दोषाऐवजी बिघाड शोधत बसलो तर जबाबदार माणसे सुटतील. विमान वाहतुकीने याचे उत्तर केव्हाच दिले आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टानुसार अपघात-तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणे एवढाच असतो. दोषनिश्चिती हे वेगळ्या कार्यवाहीचे काम. शिक्षेच्या धाकाखाली परीक्षा विभागातला लिपिक चुकलेले गठ्ठे दाखवणार नाही, लपवेल. कारवाई जरूर व्हावी, पण वेगळ्या टेबलावर. तिसरा आक्षेप, की असल्या कागदी घोड्यांनी कामे लांबतात. लांबतात खरी, पण काही आठवड्यांनी. 2017 मध्ये गेले ते महिने होते, आणि त्यात पुढच्या प्रवेशांचाही खोळंबा झाला.

यावरून पडद्यावरची तपासणीच वाईट ठरत नाही. बेरजेच्या चुका आणि गठ्ठ्यांची वाहतूक तिने खरोखरच कमी होते, आणि मुंबई विद्यापीठाने ती पुढेही चालू ठेवली. चुकला तो क्रम: एका शाखेत मुरवून मग सर्वत्र नेण्याऐवजी सगळ्या शाखा एकाच हंगामात त्यात लोटल्या गेल्या. नवे शैक्षणिक धोरण आल्यापासून क्रेडिट बँकेसारख्या नव्या व्यवस्था विद्यापीठांच्या दारात उभ्या आहेत. इथे कोणी अधिसभेचे वा विद्यापरिषदेचे सदस्य असतील, तर त्यांनी पुढच्या कार्यादेशावर सही होण्यापूर्वी बिघाडांचा तक्ता मागावा, आणि तो मराठीत प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरावा.