सह्याद्रीचा पाऊस आणि समुद्रातला चुना





चाकणच्या मातीखाली सगळा काळा पाषाण. पण माझ्या लहानपणच्या घरात शहाबादी फरशी होती. उन्हाळ्यात तिच्यावर आम्ही उघड्या अंगानं झोपायचो. ती फरशी म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी थरावर थर बसलेला चुन्याचा गाळ, हे मला फार उशिरा समजलं. आमच्या भामा-इंद्रायणीचं पाणी भीमेला मिळतं आणि त्याच भीमेच्या खोऱ्यात शहाबाद आहे. तेव्हा चुन्याचा गाळ आणि हवामान हा या परिषदेचा विषय आम्हा चाकणकरांना परका नाही.

असा गाळ कधी साठतो नि कधी थांबतो, यात हवामानाचा हात मोठा. त्याचा बोलका दाखला आपल्या कोकणासमोरच आहे. किनाऱ्यालगत बहुतेक ठिकाणी चिखल, कारण सह्याद्रीवरून उतरणारा पाऊस माती घेऊन येतो, आणि गढूळ, गोडं पाणी प्रवाळांना मानवत नाही. मुंबईसमोर भर समुद्रात मात्र पन्नास वाव, म्हणजे नव्वदेक मीटर खोलीवर, चुन्याचं विस्तीर्ण पठार आहे. तिथं गाभोळीच्या दाण्यांसारखे चुन्याचे गोल कण सापडतात. त्यांना घडायला उथळ, उबदार, हलतं पाणी लागतं. हिमयुग सरताना समुद्र कितीतरी खाली होता, मोसमी पाऊस दुबळा होता, नद्यांची माती कमी होती. तेव्हा ते घडले. पुढे पाऊस बळावला, पाणी चढलं आणि ते काम थांबलं. सह्याद्रीवरच्या १०,००० वर्षांपूर्वीच्या पावसाची खूण समुद्राच्या तळाशी सापडावी, याचं मला विलक्षण अप्रूप वाटतं.

आज कोकणासमोर प्रवाळ चुना घडवताहेत ते मुख्यतः मालवणला, आणि विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटरवरच्या, कान्होजी आंग्र्यांचं नाव लाभलेल्या आंग्रिया बँकेवर. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं. पाणी एखाद-दोन अंश जास्त तापून आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ पांढरे पडतात. मालवणात हे गेल्या दशकात घडलं आहे. धुराड्यांतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळला की चुन्याचं कवच बांधणंही जड जातं. मी भट्टी चालवणारा माणूस आहे. त्या धुरात माझाही वाटा आहे, म्हणूनच या परिषदेचं यजमानपद आम्ही मागून घेतलं.

मागच्या रांगांत आमच्या शाळांची मुलं बसली आहेत. आपण आणलेले नमुने दुपारी त्यांच्या हातात द्या, भिंगातून दाखवा. आता अध्यक्षांनी कामकाज सुरू करावं, अशी विनंती करतो.