एकामुखी न्याय

कोल्हापुरात फुटबॉल तालमी खेळतात. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. शाहू स्टेडियमवर दोन तालमी भिडल्या की गॅलरीत पेठाच्या पेठा लोटतात आणि मैदानात पंच असतो एकटा. आपण पाचामुखी परमेश्वर म्हणतो. फुटबॉलने तो एकाच्याच मुखी बसवला.

पंचाचा निर्णय अंतिम, असे नियम सांगतो. ते योग्यच, नाही तर सामना संपायचाच नाही. २०१८च्या विश्वचषकात व्हिडिओ पंच मदतीला आले. तालमींच्या सामन्यात ती चैन कुठली? शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत सहायक धावत राहिला, तरच ऑफसाईडचा झेंडा खरा.

चूक होणारच. मला सलते ते नंतरचे मौन. २०२३ साली इंग्लंडमध्ये टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलचा वैध गोल नाकारला गेला. पंचांच्या संघटनेने चूक कबूल केली, पंचांचे आपसांतले बोलणेही लोकांना ऐकवले. गोल परत मिळाला नाही, उत्तर मात्र मिळाले.

आपल्याकडे याला यंत्र नको. गॅलरीत वहीपेन्सिल घेतलेला एक जाणता, तटस्थ निरीक्षक हवा. सामन्यानंतर त्याने पंचाला चुका दाखवाव्यात, संघटनेने त्याला शिकवावे, मानधन वेळेवर द्यावे आणि संघाच्या लेखी तक्रारीला लेखी उत्तर द्यावे. माझ्या कवितेला समीक्षक असतो, मग शिट्टीला का नसावा?

शिवीगाळीने पंच घाबरतो, सुधारत नाही. गॅलरीला निर्णय बदलता येऊ नये. पण त्याचा जाब सभ्यपणे विचारता यावा.