पत्ता उजवीकडून वाचावा



गावाकडील वडिलधाऱ्यांचे वर्तमान, नातवंडांची छायाचित्रे, बँकेचे कागद हे सारे आज एका ईमेल-खात्याच्या कुलपाआड असते. दूरदेशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांचे तर घरच तेथे. म्हणून खातेकंपनीच्या नावाने येणाऱ्या बनावट पत्रांविषयी चार शब्द बोलावे, असे योजिले आहे.

अशी पत्रे अशुद्ध भाषेवरून ओळखू येतात, हा समज आता सोडावयास हवा. १९ मार्च २०१६ रोजी हिलरी क्लिंटन यांच्या निवडणूक-मोहिमेचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांना गूगलच्या नावाने पत्र आले. त्यात त्यांना नावाने संबोधिले होते. युक्रेनमधून कोणी तुमचा पासवर्ड वापरू पाहिला, तो त्वरित बदला, असे सांगून खाली बटण दिले होते. संगणक-साहाय्यकास विचारले असता त्याने पत्र ‘खरे’ असल्याचे कळविले. ‘खोटे’ असे लिहावयाचे होते, असे त्याने मागाहून सांगितले. दुर्दैव असे की, गूगलचा अस्सल पत्ताही त्याने सोबत दिला होता. दाबले गेले ते पत्रातलेच बटण! त्याच वर्षी ७ ऑक्टोबरपासून पोडेस्टा यांचा खासगी पत्रव्यवहार जगापुढे येऊ लागला.

बटणामागे दडलेला पत्ता ‘मायअकाउंट डॉट गूगल डॉट कॉम’ असा सुरू होत होता. आपली नजर येथेच निश्चिंत होते. परंतु पुढे तिरपी रेघ नव्हती. संयोगचिन्ह होते आणि त्यामागून ‘सिक्युरिटीसेटिंगपेज डॉट टीके’. आरंभीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढची तिरपी रेघ शोधावी आणि तिच्या अलीकडील मजकूर उजवीकडून वाचावा. ‘टीके’ हे टोकेलाऊ बेटांचे चिन्ह. त्याच्या लगतचे नाव ‘कॉम-सिक्युरिटीसेटिंगपेज’. खरा धनी तो. डावीकडचे ‘गूगल’ ही नुसती पाटी, आणि ती कोणासही लावता येते. (शेवटी ‘को डॉट इन’ असल्यास ते दोन्ही शब्द एकच शेपूट मानावे.) पाकिटावर ‘औरंगाबाद’ कितीही ठळक लिहिले, तरी खाली ‘बिहार’ असल्यास टपाल बिहारलाच जाणार.

मोबाईलवर एवढा पत्ता दिसतही नाही. तेव्हा पत्रातले बटण दाबूच नये. खाते आपल्या नेहमीच्या वाटेने उघडावे. इशारा खरा असेल, तर तो बहुधा तेथेही दिसेल. पासवर्ड देऊन झाला असल्यास तो अस्सल स्थळी जाऊन बदलावा, इतर सर्व यंत्रांवरून खाते बंद करावे, आणि पैसे गेले असल्यास भारतात त्याच क्षणी १९३० हा क्रमांक फिरवावा.