सुपरचार्जरची बायपास झडप

उंब्रजला तारळी नदी कृष्णेला मिळते. कृष्णेला महापूर आला म्हणजे तारळीच्या पाण्याला पुढें वाट उरत नाहीं. तें मागें फुगतें. सुपरचार्जरच्या मोटारींत हवेचीहि हीच गत होते.

सुपरचार्जर हा इंजिनाच्याच बळावर फिरणारा हवेचा पंप. १९२१ सालीं जर्मनीच्या डाइमलर कारखान्यानें बर्लिनच्या प्रदर्शनांत अशा मोटारी मांडल्या. कऱ्हाडकडे वेगानें निघालेला चालक उंब्रजजवळ पाय उचलतो, तेव्हां इंजिनाच्या तोंडावरील हवेचें दार, म्हणजे थ्रॉटल, मिटतें; पंप मात्र फिरतच राहतो. मध्यें कोंडलेली हवा बायपास झडप पंपाच्या मुखाशीं परत नेते. इंजिनाच्या ओढीनें ती उघडते, स्प्रिंगच्या जोरानें मिटते.

मोठी झडप बसविली कीं शक्ति वाढते, ही समजूत खरी नव्हे. शक्ति पंपाची; ती गळूं न देणें आणि नको तेव्हां हवेला वाट देणें, एवढेंच झडपेचें काम. स्प्रिंग नरम असेल तर ऐन चढावर हवा निसटते; फार ताठ असेल तर झडप उघडत नाहीं, हवा तापते व पेट्रोल वायां जातें. पुष्कळ मोटारींत आंत आलेल्या हवेच्या मापानें पेट्रोल सोडलें जातें. मापलेली हवा बाहेर सोडल्यास तें अधिक पडतें.

म्हणून जुन्या झडपेचा रबरी पडदा फाटला आहे काय, तिची बारीक नळी चिरली आहे काय, हें आधीं पाहावें. तीं शाबूत असून पंपाचा दाब वाढविला असेल, तरच मोठ्या झडपेचा खर्च सार्थकीं लागतो.