रेषेबाहेर उभे राहताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला सांगितले की, तुम्ही खेळाच्या शिक्षिका होतात, तेव्हा खेळांवर चार शब्द बोला. व्यायामाचे फायदे सांगून मी मोकळी झाले असते. पण तुम्ही ते ऐकले नसते आणि मलाही ते सांगताना जांभई आली असती. म्हणून गेले काही दिवस जे मनात घोळते आहे तेच सांगते.

2 नोव्हेंबर 2025 ची रात्र तुम्हां सर्वांना आठवत असेल. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. शफालीने 87 धावा काढल्या, दीप्तीने 58 धावा आणि वर पाच बळी. आमच्या आळीत मध्यरात्रीनंतर फटाके वाजले. कर्णधार हरमनप्रीतने आपले प्रशिक्षक अमोल मुझुमदार यांच्या पायाला हात लावला, तेव्हा माझ्या शेजारणीने डोळ्यांना पदर लावला. मुझुमदारांचे भाग्य उशिरा उघडले म्हणावे. प्रथम दर्जाच्या सामन्यांत अकरा हजारांवर धावा काढूनही हा मुंबईकर भारताकडून कधीच खेळला नाही. त्याच स्पर्धेत संघ लागोपाठ तीन सामने हरला, तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली होती. सारे खरे. मीही टाळ्या वाजवल्या.

पण त्या गोंधळात मला दुसराच एक मुंबईकर आठवला: रमेश पोवार.

हा गृहस्थ भारताकडून दोन कसोटी आणि एकतीस एकदिवसीय सामने खेळलेला फिरकी गोलंदाज. 2018 साली त्याच्याकडे महिला संघ आला. त्या वर्षी वेस्ट इंडीजमधल्या वीस षटकांच्या विश्वचषकात संघ उपान्त्य फेरीत पोहोचला, मिताली राजला त्या सामन्यात बसवले गेले, इंग्लंडने आपल्याला हरवले आणि घरी परतल्यावर मोठे वादळ उठले. हरमनप्रीत आणि स्मृती यांनी पोवारच हवेत असे पत्र दिले, तरी मुदत वाढली नाही. डब्ल्यू. व्ही. रामन आले. त्यांच्या हाताखाली तोच संघ 8 मार्च 2020 रोजी मेलबर्नला अंतिम सामना खेळला, शहाऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर. हरला, पण तिथवर गेला. पुढे गंमत पाहा. 2021 च्या मे महिन्यात रामन यांनाच बाजूला करून पुन्हा पोवारांना आणले! अंतिम फेरी दाखवणारा गेला आणि वादळात गेलेला परत आला. सासरी-माहेरी इतके रुसवेफुगवे नसतात.

या दुसऱ्या खेपेत ब्रिस्टलची कसोटी झाली. स्नेह राणा पाच वर्षांनी संघात परतली आणि नाबाद 80 धावा करून तिने सामना वाचवला. शफाली त्याच सामन्यात पहिली कसोटी खेळली, दीप्तीही. रेणुका सिंगने पदार्पण केले तेही याच काळात. 2022 मध्ये न्यूझीलंडच्या विश्वचषकात आफ्रिकेकडून शेवटच्या चेंडूवर हार झाली आणि उपान्त्य फेरी हुकली. राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळाले, इंग्लंडमध्ये जाऊन एकदिवसीय मालिका 3-0 ने जिंकली, आशिया चषक जिंकला. आणि डिसेंबरात पोवारांची बदली बंगळूरच्या अकादमीत झाली. वेगळ्या शब्दांत सांगायचे तर, पुन्हा काढले.

आता 2 नोव्हेंबरच्या संघाकडे पाहा. हरमनप्रीत, स्मृती, दीप्ती, शफाली, रिचा, स्नेह, रेणुका. उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या 338 धावा ओलांडताना नाबाद 127 करणारी जेमिमा. या सगळ्या त्याच्याही हाताखालून गेलेल्या.

पऱ्हे कोणी टाकले, रोवणी कोणी केली आणि धान कोणाच्या खळ्यात आले, हा प्रश्न आपल्या झाडीपट्टीत नवा नाही.

हॉकीत तर हे फार चालते. हरेंद्र सिंग यांनी 2016 च्या डिसेंबरात लखनौला कनिष्ठ गटाचा विश्वचषक जिंकून दिला. अंतिम सामन्यात बेल्जियमवर दोन गोल झाले, एक गुरजंतचा, दुसरा सिमरनजीतचा. 2018 च्या मे महिन्यात त्यांच्या हाती मोठा संघ दिला, भुवनेश्वरच्या विश्वचषकात नेदरलँड्सकडून 2-1 अशी हार झाली आणि जानेवारी 2019 मध्ये त्यांना दूर केले. जेमतेम आठ महिने! ऑगस्ट 2021 मध्ये टोकियोला भारत जर्मनीविरुद्ध 3-1 असा मागे पडला होता. तिथून 5-4 असा जिंकला आणि एक्केचाळीस वर्षांनी ऑलिंपिक पदक आले. पाचांपैकी दोन गोल सिमरनजीतचे. त्या वेळी प्रशिक्षक होते ग्रॅहम रीड, आणि हरेंद्र सिंग अमेरिकेच्या संघाचे काम पाहत होते.

अर्थात काढलेला प्रत्येक माणूस बिचाराच असतो असे नाही. चंद्रकांत पंडितांना मुंबईने 2017 साली सोडले, आणि त्याचा लाभ आपल्या विदर्भाला झाला. लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक नागपूरला आला. तेव्हा मुंबईकरांचे काय झाले असेल याची आपण फार चिंता केली नाही!

दुसऱ्याच्या मनात शिरण्याचा मला अधिकार नाही. पोवारांनी तो सामना कसा पाहिला असेल यावर मी बोलणार नाही. मी एक सामना कसा पाहिला तेवढे सांगते. हे मी आजवर घरीसुद्धा सांगितलेले नाही.

आपला जिल्हा तेव्हा वेगळा झाला नव्हता. तो 1 मे 1999 ला झाला. आपण भंडाऱ्यातच होतो. मी एका शाळेत खेळ शिकवीत असे आणि मुलींचा खो-खोचा संघ माझा होता. ‘माझा’ हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण दोष तिथेच होता. पाच वर्षे मी त्या मुलींना घडवले. रोवणीच्या दिवसांत निम्म्या मुली बांधीत असत, तर मी त्यांच्या बांधावर जाऊन आयांना हात जोडत असे. खांबाशी सूर मारायला मुली भीत, गुडघे फुटत. मग मी धानाचा भुसा आणून खांबाभोवती पसरला आणि साडीचा काचा मारून स्वतः सूर मारून दाखवला. गावात त्याची चर्चा फार दिवस पुरली.

दोन वर्षे आम्ही विभागीय सामन्यांत हरलो. तिसऱ्या वर्षी जूनमध्ये मला सांगण्यात आले की, संघ आता नव्या सरांकडे, तुम्ही ग्रंथालय सांभाळा. सांगणारे सभ्य होते, चहाही दिला. मी चहा प्याले आणि किल्ल्या घेतल्या.

त्या वर्षी संघ नागपूरला अंतिम सामन्यात पोहोचला. मी रजा टाकली, घरी मामेबहिणीकडे जाते म्हणून सांगितले आणि एस.टी.ने गेले. मैदानात दोरीमागे, एका झाडाआड उभी राहिले. मैत्रिणींनो, पहिल्या डावात आमच्या मुली मागे पडल्या आणि मला बरे वाटले. अगदी उन्हाळ्यात माठातले पाणी प्यावे तसे बरे वाटले. ज्या मुलींच्या गुडघ्यांना मी हळद लावली होती, त्या हराव्यात असे मी त्या घटकेला देवाजवळ मागत होते.

दुसऱ्या डावात माझे लक्ष एका मुलीकडे गेले. उंच, हातापायांनी लांब, पण वळायला मंद. मी तिला नेहमी मधल्या चौकोनात बसवीत असे, कारण तिथे तिचे नुकसान कमी होईल असा माझा हिशोब होता. सरांनी तिला खांबाजवळ शेवटच्या चौकोनात बसवले होते. तिथे वळायचे कामच नव्हते. खो मिळाला की दोन ढांगा आणि सूर. तिने एकामागून एक तीन गडी खांबावर मारले. सूर माझाच होता, खांदा आत घेऊन, हनुवटी छातीला लावून. तो मी तिला दोन पावसाळे शिकवला होता. पण तिची जागा मला पाच वर्षांत सापडली नव्हती, ती त्या पोराला चार महिन्यांत सापडली.

राग यायला हवा होता. आला नाही. मी झाडाआडून दोरीजवळ आले आणि माझ्याही नकळत ओरडू लागले.

मुली जिंकल्या. सरांना त्यांनी खांद्यावर घेतले. ते फारच सडपातळ होते म्हणून जमले. मी निघाले, इतक्यात ती उंच मुलगी पेढ्यांचा पुडा घेऊन धावत जाताना मला आडवी आली. म्हणाली, “बाई, तुम्ही आला होता? मग दिसल्या का नाहीत?” माझ्या हातावर पेढा ठेवून ती पळाली, कारण तिकडे फोटो काढायचा होता.

तो फोटो त्या शाळेच्या कचेरीत लावलेला होता. निवृत्त होईपर्यंत मी रोज त्याखालून जाऊन हजेरीपटावर सही करीत असे. काही दिवस मान वळवून जात असे, पुढे पुढे थांबून पाहू लागले. ग्रंथालय मी नीट सांभाळले, हेही नोंदवून ठेवते.

यंदा आपल्या मंडळाची कार्यकारिणी बदलली आहे. चौदा वर्षे हिशोबाची वही सांभाळलेल्या आपल्या बाई आज मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या आहेत. मला ती खुर्ची ओळखीची आहे. त्यांनी पुढे यावे असा आग्रह मी करणार नाही. पण हळदीकुंकवाचे तबक फिरेल तेव्हा ते दारापासून फिरवायला सुरुवात करा, एवढे मी नव्या खजिनदारबाईंना सांगून ठेवले आहे.

आणि ती उंच मुलगी? तिला आता दोन नातवंडे आहेत. ती या सभागृहातच आहे, डावीकडे खांबाला टेकून बसली आहे. त्या दिवशी मी तिच्या हरण्याची वाट पाहत उभी होते, हे तिला आताच कळले. भाषण संपल्यावर ती मला काय म्हणते ते पाहायचे आहे.