कचऱ्यातून कपडा : टाळ्या थांबल्यावर काय?

(श्रीरामपूर येथे फॅशन डिझाइन आणि शिवणकाम शिकणाऱ्या मुला-मुलींसमोर केलेले भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. कापडातलं तुमच्याइतकं मला कळत नाही. पण हाताशी आहे त्या सामानातून चालणारी वस्तू उभी करायची, हे माझंही रोजचं काम आहे. त्या नात्याने थोडं बोलतो.

फॅशनच्या विद्यार्थ्यांना टाकाऊपासून पोशाख करायला सांगतात. मग वर्तमानपत्रांचा घागरा होतो, चिप्सच्या पाकिटांचा गाऊन होतो. टाळ्या पडतात, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी तो पोशाख कचऱ्यात जातो. कचरा तेवढाच राहिला, वर गोंद आणि टाचण्यांची भर पडली. म्हणून माझी कसोटी साधी आहे : तो घालता यावा, धुता यावा आणि कुणीतरी पैसे देऊन घ्यावा.

आपल्या आज्या या कसोटीला केव्हाच उतरल्यात. जुन्या साड्यांचे थर लावून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी वर्षानुवर्षं वापरात राहते. भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे नेणारी बोहारीणही याच साखळीतली. मुंबईत २०१३ साली सुरू झालेल्या ‘आय वॉज अ सारी’ने वापरलेल्या साड्यांपासून कपडे आणि पिशव्या करून बायकांना रोजगार दिला. २०१९ मध्ये लॅक्मे फॅशन वीकमधली ‘सर्क्युलर डिझाइन चॅलेंज’ ही स्पर्धाही त्यांनी जिंकली.

तरी जगभरात जुन्या कपड्यांपैकी १ टक्क्याहून कमी माल पुन्हा नव्या कपड्यात येतो. एक मोठं कारण म्हणजे मिश्र धागा. सुती आणि पॉलिएस्टर एकत्र विणलं की वेगळं करणं अवघड. म्हणून आधी कापड ओळखा. एक धागा चिमट्यात धरून जाळा : सुती असेल तर कागदासारखा वास आणि राख, पॉलिएस्टर असेल तर वितळून कडक मणी.

दुसरं, हिशोब मांडा. समजा, जुनी साडी ८० रुपयांना पडली, पिशवी शिवायला ३ तास लागले आणि ती १५० ला विकली. हा ७० रुपये नफा नव्हे, ती तुमची ३ तासांची मजुरी आहे. एवढ्यावर घर चालणार नाही. म्हणून असं डिझाइन करा, जे लहान तुकड्यांतून बसेल आणि १ नव्हे, १० नग होतील.

आता शेवटचं, आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं. आपल्या समाजातली कितीतरी घरं भंगार आणि शिलाईवर चालतात. वडील काय करतात विचारलं की मुलं हळूच ‘बिझनेस’ म्हणतात. तोच माल स्टेजवर आला की त्याला ‘सस्टेनेबल’ म्हणतात! मग ज्या हातांनी तो वेचला, निवडला, त्यांची लाज का? त्यांच्याकडे जा. कुठलं कापड टिकतं, कुठलं विटतं, हे त्यांना बघताक्षणी कळतं. त्यांच्याकडून शिका, मालाचा रास्त भाव द्या आणि तुमच्या कामाबरोबर त्यांचंही नाव घ्या.

या महिन्यात जवळच्या टेलरकडून चिंध्यांचं एक गाठोडं आणा. १० नग शिवा आणि आठवडे बाजारात मांडा. पहिलं गिऱ्हाईक घासाघीस करेल, नाक मुरडेल. त्याचं नीट ऐका. पुढचं डिझाइन तिथूनच सुचेल.